बोरघाटातील पडलेला पूल व सोडून दिलेले स्थानक

मुंबईहून पुणे, सोलापूर व गुंतकल या मार्गाने बंगळूरकडे जाणाऱ्या उद्यान एक्सप्रेसला आपल्या प्रवासातील सर्वांत अवघड चढण पहिल्या काही तासांतच ओलांडावी लागते. ही चढण म्हणजे कर्जत व लोणावळा यांमधील बोरघाट होय. घाट चढणाऱ्या बहुतेक गाड्यांना कर्जत येथे मागील बाजूने जादा इंजिने जोडतात व ती गाडीला वर ढकलत नेतात. प्रवासी खिडकीतून दऱ्या, धबधबे व बोगदे पाहत असतो. परंतु याच घाटात एकेकाळी दगडी कमानींचा एक उंच पूल होता व तो उभारल्यानंतर थोड्याच वर्षांत कोसळला, तसेच याच घाटात एक असे स्थानक होते की जेथे प्रत्येक गाडीस आपले तोंड फिरवावे लागे, हे त्यास सहसा ठाऊक नसते. पूल १८६७ मध्ये नाहीसा झाला; स्थानक १९२९ मध्ये सोडून देण्यात आले. या दोन बांधकामांचा इतिहास पाहिला असता डोंगरातून लोहमार्ग नेणे म्हणजे काय, हे चांगले समजते.

चढणीचे गणित

हिंदुस्थानातील पहिली प्रवासी आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी मुंबईहून ठाण्यास गेली. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे, म्हणजेच जी. आय. पी. रेल्वे, या कंपनीचे मुख्य अभियंते जेम्स जॉन बर्कले हे होते. ठाण्यापर्यंतचे काम म्हणजे केवळ सुरुवात होती. मुंबई बंदराचा खरा उपयोग व्हावयाचा तर दख्खनच्या पठारावरील कापूस व धान्य समुद्रापर्यंत आले पाहिजे, आणि मध्ये सह्याद्री आडवा उभा होता. त्याचा कोकणाकडील कडा इतका सरळसोट आहे की पायथा व माथा यांमध्ये क्षितिजसमांतर अंतर फारसे मिळतच नाही. बर्कले यांनी दोन ठिकाणी तो ओलांडण्याचे ठरविले. नाशिककडे जाण्यासाठी थळघाट व पुण्याकडे जाण्यासाठी बोरघाट.

बोरघाटाच्या पायथ्यापासून लोणावळ्यापर्यंत मार्गाला १,८३१ फूट, म्हणजे सुमारे ५५८ मीटर, उंची चढावी लागते. ही उंची जवळजवळ १६ मैलांत (सुमारे २५ किलोमीटरांत) विभागलेली आहे. सरासरी ४६ फुटांमागे १ फूट अशी ही चढण पडते. परंतु काही ठिकाणी ती ३७ फुटांमागे १ फूट इतकी तीव्र आहे. पायी चालणाऱ्या मनुष्यास अशी चढण किरकोळ वाटेल. बैलगाडीसही ती जड जाणार नाही. मग आगगाडीसच ती का जड जावी?

याचे उत्तर लोखंडी चाक व लोखंडी रूळ यांच्या संबंधात आहे. गुळगुळीत रुळावरून गुळगुळीत चाक फार थोड्या प्रतिकाराने फिरते, हाच तर रेल्वेचा मोठा लाभ होय. सपाटीवर २०० टन वजनाची गाडी संथ वेगाने चालू ठेवण्यास सुमारे १ टनाची ओढ पुरते. हीच गाडी ३७ फुटांमागे १ फूट अशा चढणीवर आली, की तिच्या वजनाचा सदतिसावा भाग, म्हणजे ५.४ टन, तिला सतत मागे खेचू लागतो. त्यामुळे इंजिनास सपाटीच्या सहापटींहून अधिक जोर लावावा लागतो. आता इंजिनात वाफेची शक्ती पुरेशी असली तरी ती रुळापर्यंत पोचते ती चाकाच्या पकडीमार्फतच. कोरड्या रुळावर ही पकड चाकांवरील भाराच्या सुमारे एकपंचमांश असते. चालक चाकांवर ४० टन भार असेल तर ८ टनांची ओढ मिळू शकते. परंतु पावसाने रूळ ओला झाला, त्यावर पालापाचोळा पडला, की पकड निम्म्यावर येते. मग चाके जागच्या जागी गरगर फिरतात व गाडी हलत नाही. यासाठी इंजिनातून रुळांवर वाळू सोडण्याची व्यवस्था असते. ज्या गुळगुळीतपणामुळे सपाटीवर गाडी सहज धावते, तोच गुळगुळीतपणा घाटात तिचा शत्रू होतो. सह्याद्रीच्या माथ्यावर वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, हे येथे ध्यानात ठेवले पाहिजे.

त्या काळी जगात असे मार्ग फार थोडे होते. इटलीत जिनोआजवळ जिओव्ही येथील चढण १८५३ मध्ये सुरू झाली होती. ती बोरघाटापेक्षाही तीव्र होती. ऑस्ट्रियातील सेमरिंगचा मार्ग कार्ल फॉन गेगा यांनी बांधला व तो १८५४ मध्ये खुला झाला. मोठी चढण दोराच्या साहाय्याने, माथ्यावर बसविलेल्या स्थिर इंजिनाने गाडी ओढून चढवावी, असाही एक प्रघात होता. धावत्या इंजिनानेच घाट चढता येईल, हा विश्वास अभियंत्यांमध्ये नुकता रुजत होता.

उलटफेरीचे स्थानक

मार्गाची चढण सौम्य करावयाची तर मार्ग लांबविला पाहिजे, हे उघड आहे. डोंगरी पायवाट नागमोडी असते ती याच कारणाने. परंतु आगगाडीस पायवाटेप्रमाणे झटकन वळता येत नाही. बोरघाटातील सर्वांत तीव्र वळणाची त्रिज्या १५ साखळ्या, म्हणजे ९९० फूट, आहे. अशा वळणाने गाडीस पूर्णपणे मागे फिरवावयाचे झाल्यास सुमारे २,००० फूट रुंदीची जागा लागेल. ज्या सोंडेवरून मार्ग वर नेला होता ती एका ठिकाणी कड्यावर येऊन संपत होती, व तेथे इतकी रुंद जागा मिळणे शक्यच नव्हते.

बर्कले यांनी या अडचणीतून जो मार्ग काढला तो मराठी वाचकास इंग्रजी वर्णमालेतील एका अक्षराच्या आकृतीने समजावण्याऐवजी झाडाच्या बेचक्याची उपमा देऊन सांगणे बरे. बेचक्याच्या एका फांदीने गाडी खालून वर येते व दोन फांद्या मिळतात त्या टोकाशी थांबते. तेथे मार्ग संपलेला असतो. इंजिन सुटते, बाजूच्या रुळावरून गाडीच्या दुसऱ्या टोकास जाते व जोडले जाते. मग जी गाडीची शेपटी होती तेच तिचे तोंड होते, व ती दुसऱ्या फांदीने, अधिक उंचीवरून, उलट दिशेने पुन्हा चढू लागते. वळणासाठी लागणारी रुंद जागा वाचते. केवळ गाडी मावेल एवढा सपाट लांबट तुकडा पुरतो. या जागेस उलटफेरीचे स्थानक म्हणता येईल. खंडाळ्याच्या खाली, तीन बाजूंनी दरी असलेल्या अशा एका अरुंद सोंडेवर हे स्थानक बांधण्यात आले.

काम करणारे हात

या कामाचे कंत्राट १८५५ च्या शरदऋतूत विल्यम फ्रेडरिक फेव्हिएल या इंग्रज कंत्राटदारास मिळाले व २४ जानेवारी १८५६ रोजी प्रत्यक्ष कामास आरंभ झाला. घाटात २५ बोगदे, ८ मोठे कमानी पूल व असंख्य मोऱ्या बांधावयाच्या होत्या. सह्याद्रीचा काळवथरी दगड अतिशय कठीण. त्यात हाताने पहार ठोकून भोके पाडावयाची, त्यांत बंदुकीची दारू ठासावयाची व सुरुंग उडवावयाचे. डायनामाइटचे एकस्व आल्फ्रेड नोबेल यांनी १८६७ मध्ये घेतले. म्हणजे हा घाट पुरा झाल्यानंतर. काही ठिकाणी कडा इतका उभा होता की माणसास पाय ठेवण्यासही जागा नव्हती. तेथे कामकऱ्यांना वरून दोरांनी खाली सोडीत, व दोरास लोंबकळतच ते दगडात पहिली भोके पाडीत.

पावसाळ्यात काम बंद असे. दरवर्षी ऑक्टोबरात हजारो माणसे घाटात जमत आणि मे महिन्याच्या शेवटी पांगत. १८६१ मध्ये त्यांची संख्या ४२,००० हून अधिक झाली होती. एवढी माणसे डोंगराच्या उतारावर झोपड्या करून राहत. पिण्याचे पाणी अपुरे व अस्वच्छ. पटकीची साथ आली की ती वणव्यासारखी पसरे व माणसे मोठ्या संख्येने मरत किंवा जीव घेऊन पळून जात. पटकी पाण्यातून पसरते हे लंडनमध्ये जॉन स्नो यांनी १८५४ मध्ये दाखवून दिले होते. परंतु ते मत अद्याप सर्वमान्य झाले नव्हते, व घाटातील छावण्यांपर्यंत तर ते पोचलेच नव्हते. मृतांची नावे कोठेही कोरलेली नाहीत. बोरघाटाविषयी लिहिताना अभियंत्यांच्या कर्तबगारीबरोबर याही गोष्टीची नोंद झाली पाहिजे.

मजुरीवरूनही तंटे होत. कंत्राटदार पोटकंत्राटदारास पैसे देई, तो मुकादमास व मुकादम मजुरास. या साखळीत मजुराचा पैसा वेळेवर पोचत नसे. जानेवारी १८५९ मध्ये थकलेल्या मजुरीमुळे मोठा दंगा झाला. त्यानंतर मार्च महिन्यात फेव्हिएल यांनी कंत्राट सोडले. काही काळ कंपनीनेच काम चालविले. पुढे ते सॉलोमन ट्रेडवेल यांस देण्यात आले. परंतु हिंदुस्थानात उतरल्यापासून पंधरा दिवसांच्या आतच ते मरण पावले. तेव्हा त्यांची पत्नी ॲलिस ट्रेडवेल यांनी कंत्राट आपल्या नावे पुढे चालविले, व ॲडमसन आणि क्लाउझर या दोन अभियंत्यांस व्यवस्थापक नेमले. त्या काळी एका स्त्रीने एवढे मोठे बांधकाम अंगावर घ्यावे ही असामान्य गोष्ट होती. कामाची छायाचित्रेही त्यांच्या संग्रहात राहिली. बर्कले प्रकृती बिघडल्याने मायदेशी परतले व १८६२ मध्ये वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी वारले. पुरा झालेला घाट त्यांच्या दृष्टीस पडला नाही. २१ एप्रिल १८६३ रोजी मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्या हस्ते मार्गाचे उद्‌घाटन झाले. आरंभापासून सात वर्षे व तीन महिने लागले होते.

पूल कसा होता

घाटातील आठ कमानी पुलांत एक पूल विशेष मोठा होता. इंग्रजी कागदपत्रांत त्याचे नाव ‘म्हाऊ-के-मल्ली’ अशा काहीशा विचित्र रूपात येते. मूळ स्थानिक नाव परकी कानांनी ऐकून लिहिल्याचा हा परिणाम दिसतो. या पुलास प्रत्येकी ५० फूट गाळ्याच्या आठ अर्धवर्तुळाकार कमानी होत्या व पायापासून त्याची उंची १६३ फूट, म्हणजे सुमारे ५० मीटर, होती. आजची पंधरा-सोळा मजली इमारत साधारणतः एवढी उंच असते.

कमानीचे तत्त्व सोपे आहे. दगडास दाब सहन होतो, ताण सहन होत नाही. लांब दगडी पट्टी दोन भिंतींवर ठेवून मध्ये भार दिला तर ती खालच्या बाजूने ताणली जाऊन तडकते. याउलट पाचरीच्या आकाराचे दगड वर्तुळाकार रचले, तर वरचा भार प्रत्येक दगडास शेजारच्या दगडावर दाबतो व सर्व दगड एकमेकांना आवळून धरतात. प्रथम लाकडी सांगाडा उभारून त्यावर दगड रचावयाचे, माथ्यावरचा शेवटचा दगड बसवावयाचा व नंतर सांगाडा काढून घ्यावयाचा.

परंतु कमान केवळ खाली दाबत नाही. ती बाजूसही रेटते. हा आडवा रेटा कोणीतरी अडविला पाहिजे. एकाच कमानीच्या पुलात दोन्ही काठांवरील भक्कम भिंती तो अडवितात. अनेक कमानी ओळीने असतील तर मधल्या खांबावर डावीकडची कमान उजवीकडे रेटते व उजवीकडची डावीकडे. दोन्ही रेटे परस्परांस छेद देतात व खांबावर उरतो तो केवळ उभा भार. म्हणूनच उंच पुलांचे मधले खांब पुष्कळ सडपातळ ठेवता येतात. या सुंदर योजनेत एक धोका दडलेला असतो. एक खांब ढासळला, की त्याच्या दोन्ही बाजूंच्या कमानी पडतात. मग पुढच्या खांबावर एकाच बाजूचा रेटा राहतो, तो खांब त्यासाठी बांधलेलाच नसतो, व तोही कलतो. रांगेत उभ्या केलेल्या विटांपैकी एक ढकलावी तसा सारा पूल जातो. यास्तव सावध अभियंते लांब पुलात मधून मधून एखादा अधिक जाड खांब योजतात.

आता खांबावरील भाराचा विचार करू. दगडी बांधकामाचे वजन घनफुटास सुमारे १५० पौंड धरले, तर १६० फूट उंच खांबाच्या तळाशी केवळ त्याच्या स्वतःच्या वजनाने दर चौरस फुटावर २४,००० पौंड, म्हणजे दहा टनांहून थोडा अधिक, दाब पडतो. कमानी व गाडी यांचा भार निराळा. काळवथरी दगड दर चौरस फुटास शेकडो टन दाब सहज सोसतो. मग दगड चिरडून पूल पडण्याची भीती मुळीच नव्हती. भीती होती ती दगडांच्या मधल्या वस्तूची.

१९ जुलै १८६७

घाट खुला होऊन चार वर्षे व तीन महिने झाले होते. ऐन पावसाळ्यात, १९ जुलै १८६७ रोजी, हा पूल कोसळला.

त्यानंतर कंपनीच्या मार्गावरील इतर दगडी पुलांचीही तपासणी झाली, आणि दोष एकाच पुलापुरता नाही असे आढळले. अनेक ठिकाणचे दगडकाम निकृष्ट होते व अनेक पूल दुरुस्त करावे किंवा नव्याने बांधावे लागले. कागदावरील आकृती निर्दोष असली तरी तिच्यावरून जे उभे राहिले ते तसे नव्हते.

उंच खांब बाहेरून घडीव दगडांचा दिसतो. परंतु तो आतपर्यंत घडीव दगडांचा असणे फार खर्चाचे असते. प्रघात असा, की बाहेरचा थर घडीव दगडांचा करावयाचा व आतील पोकळी अनघड दगड आणि चुना यांनी भरावयाची. हे भरणे नीट दाबून, प्रत्येक दगड चुन्यात बसवून केले, व बाहेरचे काही लांब दगड आतपर्यंत आडवे घुसविले, तर बाहेरचा थर व आतील भरणे मिळून एकच देह होतो. तसे न करता आत दगडधोंडे नुसते ओतले, तर भरण्यात पोकळ्या राहतात; ते खचते; मग सारा भार बाहेरच्या पातळ थरावर येतो. पावसाचे पाणी आत शिरले की ते आतून बाहेरच्या थरास ढकलू लागते व खांबाचे पोट फुगते. बाहेरून पाहणाऱ्यास, हे पोट फुगेपर्यंत, चांगला व वाईट खांब यांत काहीच फरक दिसत नाही. कंत्राट ठराविक रकमेचे असते व काम एकदा झाकले की आतले दिसत नाही. तेव्हा काटकसरीचा मोह नेमका कोठे होतो हे सांगावयास नको. चाळीस हजार माणसे चौदा-पंधरा मैलांत विखुरलेली, देखरेखीस थोडे लोक, आणि जूनमध्ये पाऊस येण्यापूर्वी काम आटोपण्याची घाई, ही परिस्थितीही विसरता येत नाही.

चुन्याचे रसायन येथे समजून घेतले पाहिजे. चुनखडी भट्टीत भाजली की तिच्यातील कार्बन डायऑक्साइड निघून जाऊन चुनकळी उरते. तिच्यावर पाणी घातले की ती उकळून विरते. हा विरलेला चुना वाळूबरोबर घाणीत मळून बांधकामात घालतात. शुद्ध चुना घट्ट होतो तो हवेतील कार्बन डायऑक्साइड परत शोषून. म्हणजे तो पुन्हा चुनखडी होतो. पातळ भिंतीत हे ठीक आहे. परंतु दहा-पंधरा फूट जाडीच्या खांबाच्या पोटात हवा पोचणार कशी? तेथे शुद्ध चुना वर्षानुवर्षे मऊच राहतो. बाहेरचा चुना दगडासारखा झाला तरी आतला लोण्यासारखा असू शकतो. यावर उपाय म्हणजे चिकणमातीचा अंश असलेला कंकर भाजून केलेला चुना, अथवा चुन्यात विटांची पूड, म्हणजे सुरखी, मिसळणे. त्यातील सिलिका व ॲल्युमिना चुन्याशी व पाण्याशी संयोग पावतात व हवेवाचून, किंबहुना पाण्याखालीही, तो घट्ट होतो. ही विद्या आपल्याकडील जुन्या गवंड्यांस चांगली अवगत होती. मात्र तिला मळण्यास वेळ व भिजत ठेवण्यास धीर लागतो.

असा प्रसंग केवळ येथेच घडला असे नव्हे. फ्रान्समध्ये रूआँ ते ल हाव्र या मार्गावर बारांतां येथे सत्तावीस कमानींचा सुमारे शंभर फूट उंचीचा विटांचा पूल जानेवारी १८४६ मध्ये, मार्ग खुला होण्यापूर्वीच, कोसळला. तेथेही संशय चुन्यावरच गेला. कंत्राटदार टॉमस ब्रासी यांनी दोषाच्या वाटणीवर वाद न घालता स्वतःच्या खर्चाने सहा महिन्यांत पूल पुन्हा उभा केला, व या वेळी चुना स्वतः निवडला. तो पूल आजही वापरात आहे. जगातील सर्वांत नामांकित कंत्राटदाराच्या हातून जे घडले तेच एकवीस वर्षांनी सह्याद्रीत घडावे, याचे आश्चर्य वाटण्यापेक्षा खेद अधिक वाटतो. कारण धडा उपलब्ध होता.

म्हाऊ-के-मल्लीच्या कमानी पुन्हा बांधण्यात आल्या नाहीत. त्यांच्या जागी लोखंडी तुळया टाकण्यात आल्या. हा बदल विचारपूर्वक होता. तुळई आपल्या दोन टोकांवर केवळ उभा भार टाकते. ती आधारास आडवी रेटत नाही. एक गाळा बिघडला तरी शेजारचा त्यामुळे पडत नाही. शिवाय तुळया लांब असल्या की खोल दरीत उभारावयाच्या उंच खांबांची संख्याही घटते. अशा तुळयांचा एक प्रकार जेम्स वॉरन यांच्या नावाने ओळखला जातो. त्यात लोखंडी पट्ट्या त्रिकोणांच्या ओळीत जोडलेल्या असतात. त्रिकोणच का, हे कोणाही विद्यार्थ्यास तीन व चार काड्या टाचण्यांनी जोडून पाहता येईल. चार काड्यांची चौकट हाताने तिरपी होते. तीन काड्यांचा त्रिकोण काडी मोडल्याखेरीज आकार बदलत नाही. थळघाटातील एहेगावचा पूल आरंभापासूनच अशा त्रिकोणी रचनेच्या तुळयांचा होता व १८६५ पासून तो मार्ग चालू झाला.

स्थानकाचा शेवट

पूल गेला तरी उलटफेरीचे स्थानक पुढे साठ वर्षांहून अधिक काळ चालू राहिले. त्याची अडचण चढणीपेक्षा उतरणीत अधिक होती. खाली उतरणारी गाडी या स्थानकात येई तेव्हा तिच्यासमोर रूळ संपत व पुढे दरी असे. ती वेळीच थांबलीच पाहिजे. त्या काळी गाडीच्या प्रत्येक डब्यास एकाच वेळी लागणारा ब्रेक नव्हता. काही डब्यांवर माणसे बसलेली असत व इंजिनाच्या शिटीच्या इशाऱ्यावर ती हातांनी चाक फिरवून ब्रेक आवळीत. रूळ ओले असले, एखाद्याने विलंब केला, की गाडी आवरत नसे. जानेवारी १८६९ मध्ये घाट उतरणारी एक मेल गाडी अशीच बेफाम झाली व उलटफेरीच्या स्थानकाचे टोक ओलांडून गेली. या अपघाताची चित्रे विलायतेतील नियतकालिकांतही छापली गेली.

स्थानकाची दुसरी मर्यादा लांबीची होती. सोंडेवर जेवढी सपाट जागा तेवढीच गाडी. माल वाढला, डबे वाढले, परंतु डोंगराची सोंड वाढविता येत नव्हती. प्रत्येक गाडीस थांबावे लागे, इंजिन फिरवावे लागे. तोवर मागची गाडी खोळंबे. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकानंतर ही अडचण असह्य झाली.

त्याच सुमारास विजेची इंजिने आली. हिंदुस्थानात विजेवरील पहिली गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईच्या बोरीबंदरहून कुर्ल्यास गेली. १९२९ मध्ये कल्याण ते पुणे या घाटाच्या मार्गाचे विद्युतीकरण झाले. वाफेच्या इंजिनास लांब बोगद्यात धुराचा व गुदमरण्याचा त्रास होई. विजेच्या इंजिनास तो प्रश्न नाही. नव्या वळणाने डोंगर पोखरून बोगदे काढण्यात आले, गाडीचे तोंड फिरविण्याची गरज उरली नाही, व १९२९ मध्ये उलटफेरीचे स्थानक सोडून देण्यात आले. १ जून १९३० रोजी मुंबई-पुणे ‘दख्खनची राणी’ सुरू झाली.

ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समधील लिथगो येथे जॉन व्हिटन यांनी अशाच तत्त्वावर नागमोडी मार्ग बांधला व तो १८६९ मध्ये खुला झाला. १९१० मध्ये दहा बोगद्यांचा नवा मार्ग निघाल्यावर तो सोडण्यात आला. परंतु त्याचे तिन्ही वालुकाश्मी कमानी पूल अद्याप शाबूत आहेत, व हौशी मंडळींनी त्यांवरून पुढे जुन्या गाड्या पुन्हा चालविल्या. बोरघाटाच्या सोडलेल्या भागास असे भाग्य लाभले नाही.

घाटाची चढण मात्र बदललेली नाही. ३७ फुटांमागे १ फूट हे प्रमाण आजही तसेच आहे. उतरणाऱ्या गाडीसाठी घाटात ठिकठिकाणी मुख्य मार्गापासून फुटून उलट चढणीवर जाणारे रूळ घातलेले आहेत. गाडी काबूत नसेल तर ती या चढणीवर जाऊन आपोआप थांबावी, अशी योजना आहे. त्यांचा सांधा एरवी त्या चढणीच्याच बाजूस लावलेला असतो. चालकाने गाडी पूर्ण थांबवून ती आपल्या ताब्यात असल्याचे दाखविल्यावरच सांधा मुख्य मार्गास जोडला जातो. पुण्याहून मुंबईकडे जाणाऱ्या प्रवाशास घाटात मध्येच, स्थानक नसताना, गाडी क्षणभर थांबल्याचे जाणवते ते याच कारणाने.